हजेरीपटावरचा चेहरा : शोशाना झुबॉफ यांची दोन पुस्तकं आणि आपलं खासगीपण

खासगीपणाचा विषय निघाला की आपल्याकडे एक गोष्ट हमखास सांगितली जाते. घरात कुणीतरी म्हणालं, यंदा नवा मिक्सर घ्यायला हवा, आणि संध्याकाळी मोबाइलवर मिक्सरच्या जाहिराती सुरू. ‘फोन ऐकतो हो आपलं!’ मग थोडं हसू, थोडी भीती, आणि पुन्हा फोन हातात. ही गोष्ट खरी की योगायोग, यात आज शिरायला नको. आपल्याला विचारायचं आहे ते वेगळंच. डिजिटल तंत्रज्ञान आणि खासगीपणा म्हटल्यावर आपल्याला हीच गोष्ट का आठवते? रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर चौथ्यांदा अंगठा टेकवणारी म्हातारी का आठवत नाही?

मिक्सरच्या गोष्टीमागचा व्यवहार ज्या पुस्तकाने सर्वांत नीट उलगडून दाखवला, ते म्हणजे शोशाना झुबॉफ यांचं ‘द एज ऑफ सर्व्हेलन्स कॅपिटॅलिझम’. २०१९ साली आलेलं, ७०० पानांच्या घरातलं. झुबॉफबाई हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या निवृत्त प्राध्यापक, म्हणजे भांडवलशाहीच्या घरच्याच. म्हणूनही या पुस्तकाचा गाजावाजा जास्त झाला असावा. आपल्याकडे इंग्रजी वाचणाऱ्या वर्गाने ते पुष्कळ वाचलं, आणि न वाचताही त्यातलं नाव उचललं. ‘पाळत-भांडवलशाही’ हा शब्द आता मराठी लेखांतही सहज येतो.

पुस्तकाचा मुख्य मुद्दा थोडक्यात असा. आपण गुगलवर काहीतरी शोधतो. शोधताना काय टंकलं, कुठे चुकलं, किती वेळ थांबलो, कशावर बोट ठेवलं, याचा चुरा मागे उरतो. आधी हा चुरा सेवा सुधारायला वापरला जात होता. २००० सालच्या सुमारास डॉट-कॉमचा फुगा फुटला, गुंतवणूकदार पैशासाठी मागे लागले, तेव्हा कंपनीच्या लक्षात आलं की कोण कुठल्या जाहिरातीवर बोट ठेवील हे या चुऱ्यावरून आधीच सांगता येतं. मग ते अंदाजच विकायला काढले. झुबॉफ याला जे नाव देतात त्याला आपण ‘वर्तनाचं वरकड’ म्हणूया. मार्क्सचं ‘वरकड मूल्य’ ज्यांनी मराठीत वाचलं आहे त्यांना खूण लगेच पटेल. पुढची पायरी अशी, की अंदाज पक्का व्हायचा तर माणसाला त्या बाजूला हळूच ढकलायचंच. ‘पोकेमॉन गो’ खेळणारे लोक पैसे भरलेल्या दुकानांच्या दारात कसे आणून सोडले गेले, ते या पुस्तकात वाचण्यासारखं आहे.

हे सगळं आपल्याला मान्य आहे. एव्हगेनी मोरोझोव यांनी त्याच वर्षी या पुस्तकावर दीर्घ टीका लिहिली. बाई पाळतीवर इतक्या खिळून राहतात की भांडवलशाहीच त्यांच्या हातून निसटते, असा त्यांचा आक्षेप होता. त्यात तथ्य आहे. पण आमची अडचण त्याहून साधी आहे. या पुस्तकातला माणूस गिऱ्हाईक आहे. त्याच्याकडे पैसे आहेत, म्हणून त्याच्या वर्तनाला भाव आहे. तो चिडला तर फोन बंद करू शकतो, निदान तसं समजू तरी शकतो. आपल्याकडे डिजिटल तंत्रज्ञान बहुसंख्य लोकांच्या आयुष्यात शिरलं ते या दारातून नाही.

आधारचा पहिला क्रमांक दिला गेला तो मुंबई-पुण्यात नव्हे, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात. तारीख २९ सप्टेंबर २०१०, पंतप्रधान जातीने हजर. निवड प्रतीकात्मक होती आणि तेव्हा सांगितलेला हेतू चांगलाच होता : ज्याची कागदोपत्री ओळखच नाही त्याला ओळख मिळावी. पण त्या निवडीतून दुसरीही एक गोष्ट दिसते. ज्याला सरकारकडून काही हवं आहे, त्याने आधी यंत्रापुढे उभं राहायचं. त्याच्या वर्तनावर कुणाला नफा कमवायचा नाही. त्याने फक्त आपण आपणच आहोत हे सिद्ध करायचं, आणि दर महिन्याला पुन्हा करायचं.

खासगीपणाच्या न्यायालयीन इतिहासातही ही फट दिसते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमुखाने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सुनावणीत केंद्राचा एक युक्तिवाद असा होता, की विकसनशील देशात गरिबाच्या अन्न-निवाऱ्यापुढे हे श्रीमंतांचे चोचले आहेत. शब्द आमचे, आशय त्यांचा. न्यायालयाने तो साफ फेटाळला. त्या दिवशी आपल्यातल्या अनेकांना आनंद झाला होता, आणि तो योग्यच होता.

पण वर्षभराने, २६ सप्टेंबर २०१८ ला, आधारचा निकाल आला : चार विरुद्ध एक. खासगी कंपन्यांना आधार मागण्याची मुभा गेली, मोबाइल आणि बँक खात्याची सक्ती गेली. पॅनची जोडणी राहिली, तेव्हा मध्यमवर्ग पूर्ण सुटला असं नाही. पण कलम ७ कायम राहिलं, म्हणजे अनुदान, लाभ आणि सरकारी सेवा यांसाठीची सक्ती. सिमकार्डवाल्याची सक्ती सुटली, रेशनकार्डवाल्याची राहिली. न्या. धनंजय चंद्रचूड यांचं एकट्याचं विरोधी मत सोडलं तर खंडपीठाला यात मोठी विसंगती दिसली नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्या वर्तमानपत्री चर्चेलाही दिसली नाही. मोबाइल कंपन्यांचे ते सारखे येणारे मेसेज थांबले आणि आपल्या दृष्टीने विषय मिटला.

म्हणजे २०१९ चं पुस्तक आपल्या कामाचं नाही का? आमचं म्हणणं असं, की झुबॉफबाईंचंच दुसरं एक पुस्तक आपल्या जास्त कामाचं आहे, आणि ते फारसं कुणी वाचत नाही. ‘इन द एज ऑफ द स्मार्ट मशीन’, साल १९८८. इंटरनेट घराघरांत पोचण्याच्या आधीचं. यात गुगल नाही, जाहिराती नाहीत. यात अमेरिकेतल्या कागदाच्या गिरण्या आहेत, कचेऱ्या आहेत, आणि तिथे नव्याने आलेले संगणक आहेत.

त्या गिरण्यांतल्या जुन्या कामगारांची वर्णनं विलक्षण आहेत. एकजण लगद्याच्या गुंडाळीवर थाप मारून तिच्यात किती ओल आहे ते सांगायचा. दुसऱ्याला यंत्राजवळून जाताना केसांना जाणवणाऱ्या विजेवरून कागद किती सुकलाय ते कळायचं. चाळीसेक वर्षांपूर्वी ही माणसं काचेच्या खोलीत पडद्यासमोर बसवली गेली. लगदा बाहेर, माणूस आत. हाताला कळत होतं ते आता आकड्यांतून यायला लागलं आणि सुरुवातीला कुणाचाच त्या आकड्यांवर विश्वास बसेना.

बाई इथे रडगाणं गात नाहीत, हे महत्त्वाचं. त्या म्हणतात, या यंत्राला दोन अंगं आहेत. ते माणसाचं काम स्वतःकडे घेतं हे एक. पण काम करताना ते त्या कामाविषयी माहितीही तयार करतं, आणि ती माहिती कामगाराच्या हाती दिली तर त्याची समज वाढते, तो अधिक मोठे निर्णय घेऊ शकतो. एका गिरणीत खर्चाचे आकडे यंत्र चालवणाऱ्यांना दिसू लागले, तेव्हा त्यांनी डोकं चालवून खर्च खाली आणला. अस्वस्थ झाले ते व्यवस्थापक, कारण मग त्यांचं काम काय? बहुतेक ठिकाणी व्यवस्थापनाने दुसरी वाट धरली : माहिती वर खेचायची, आणि तिच्या जोरावर खालच्यावर नजर ठेवायची. २०१९ च्या पुस्तकातही, अगदी पहिल्या प्रकरणात, बाईंना गिरणीतल्या एका तरुण व्यवस्थापकाचा प्रश्न आठवतो : हुशार यंत्राच्या हाताखाली आपण राबणार, की यंत्राभोवती हुशार माणसं असणार? प्रश्न त्यांनी तिथे पुन्हा मांडला खरा, पण पुढच्या पानांत काम करणारा माणूस मागे पडला आणि खरेदी करणारा पुढे आला. आमच्या मते नव्या पुस्तकाची खरी उणीव ही आहे.

आता हे जुनं पुस्तक काखेत मारून आपण महाराष्ट्रातल्या अंगणवाडीत जाऊया.

अंगणवाडी सेविकेच्या ज्ञानाला कुठलंही प्रमाणपत्र नाही. कुठल्या घरी बाई गरोदर आहे हे तिला बहुधा घरच्यांच्याही आधी कळतं. ऊसतोडीला कोण गेलं, कधी परतणार, कुणाचं पोर दोन महिने वजनच घेत नाही, कुणाच्या घरात आहार आणला की आधी बाप्यांच्या ताटात जातो, हे सगळं तिला पाठ असतं. मार्च २०२१ मध्ये केंद्राचं ‘पोषण ट्रॅकर’ अॅप आलं. सेविकांना दिलेले मोबाइल आधीचे, अपुऱ्या क्षमतेचे, अॅप इंग्रजीत. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी ते सरकारी मोबाइल सरकारलाच परत केले. शहरात त्याची बातमी ‘बायकांना अॅप जमत नाही’ अशा सुरात वाचली गेली. त्या सांगत होत्या ते वेगळंच होतं : फोन चालत नाही, भाषा आमची नाही, आणि रात्री बसून माहिती भरायची तर मुलांकडे कधी बघायचं?

१ जुलै २०२५ पासून पुढचं पाऊल पडलं. घरी न्यायचा आहार, ज्याला आपल्याकडे सगळे टीएचआर म्हणतात, तो देताना लाभार्थीचा चेहरा कॅमेऱ्याने ओळखला पाहिजे. आधी आधारवरून ई-केवायसी, त्यासाठी मोबाइलवर ओटीपी, मग दर वेळी समोर उभं करून फोटो, आणि तो आधीच्या फोटोशी जुळला तर पाकीट. चित्र डोळ्यांसमोर आणा. सेविकेने जिला लग्न होऊन गावात येताना पाहिलं, जिच्या पहिल्या बाळंतपणात दवाखान्यापर्यंत सोबत केली, ती बाई समोर उभी आहे. दोघी एकमेकींना नावाने ओळखतात. आणि मधला फोन म्हणतो, जुळत नाही. कदाचित उजेड कमी असेल, कदाचित बाळंतपणाने चेहरा ओढला असेल. कदाचित रेंज नसेल, किंवा ओटीपी ज्या फोनवर गेला तो नवऱ्याच्या खिशात असेल आणि नवरा कामावर. सेविकेला ठाऊक आहे की ही तीच आहे, पण तिच्या माहितीला त्या क्षणी कवडीची किंमत नाही.

कागद गिरणीतल्या माणसाचा हात निरुपयोगी ठरला, तेव्हा निदान पडद्यावरचा आकडा त्याच्या हातापेक्षा अचूक होता. इथे तसंही नाही. बाई कोण आहे या एका प्रश्नावर सेविकेची ओळख कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा पक्की आहे. तरीही निर्णय कॅमेऱ्याचा.

या बाईचं खासगीपण कुठे गेलं, हे विचारायला हवं. अन्न सुरक्षा कायद्याने, म्हणजे २०१३ पासून, हा आहार तिचा हक्क आहे, उपकार नाही. त्यासाठी ती चेहरा देते. संमती? २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याचं कलम ७ असं आहे की सरकारी लाभ, अनुदान देण्यासाठी सरकारला व्यक्तिगत माहिती वापरायची असेल तर वेगळ्या संमतीची गरज नाही. आपल्याला प्रत्येक संकेतस्थळावर ‘मान्य आहे’चं बटण दाबायला लावतात, त्याची आपण थट्टा करतो. तिला ते बटणही नाही. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत २०२५ साली नवऱ्याचा किंवा वडिलांचाही आधार क्रमांक मागितला गेला, आणि ज्यांना दोघंही नाहीत अशा बायकांचं काय, हे नंतर सुचलं. बाई एकटी असू शकते, हे अर्ज तयार करणाऱ्याच्या कल्पनेतच नव्हतं.

इथे कुणीतरी म्हणेल, आणि रास्तच म्हणेल, की चोरीचं काय? आहाराची पाकिटं बाजारात विकली जात नव्हती का? मेलेल्या माणसांच्या नावे रोजगार हमीची मजुरी उचलली जात नव्हती का? जात होती. महाराष्ट्राला तर हे सांगायची गरजच नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी इथेच उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा इथेच झाला, आणि खोटी मस्टर भरण्याची कलाही इथेच बहरली. त्याला उत्तर म्हणून यंत्र आलं, हे समजण्यासारखं आहे. प्रश्न एवढाच, की यंत्र कुणाकडे तोंड करून उभं केलं.

मनरेगाच्या कामावर मे २०२१ पासून मोबाइल हजेरी आली आणि १ जानेवारी २०२३ पासून ती सक्तीची झाली. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो; वेळ आणि ठिकाणासकट. एक फोटो चढला नाही तर दिवसभर माती उपसलेल्या माणसाची हजेरी अडकायची, आणि ती सोडवायचे अधिकार तालुक्यालाही नाहीत, जिल्ह्याला. मुकादमाशी मजुराला भांडता येत होतं. तो नालायक असेल, पण समोर असायचा. चार बायका मिळून त्याला घेरता तरी यायचं. अॅपला कोण घेरणार? मग जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रक काढून मान्य केलं, की भलतेच फोटो चढवले जात आहेत, फोटोचा फोटो काढून चढवला जातो आहे. म्हणजे चोर होते ते नव्या वाटेने तिथेच पोचले होते. आणि त्यावरचा उपाय? ग्रामपंचायतीच्या पातळीवर सगळे फोटो माणसांनी तपासावेत! माणसावर विश्वास नाही म्हणून यंत्र आणलं, आणि यंत्रावर लक्ष ठेवायला पुन्हा माणूस नेमला. त्या डिसेंबरात मनरेगाची जागा घेणारा नवा कायदा मंजूर झाला, पण हजेरी घेणाऱ्या कॅमेऱ्याचं तोंड काही फिरलं नाही.

चोरी पकडण्याची दुसरी एक पद्धत या देशात शोधली गेली होती, आणि तिला कॅमेरा लागला नव्हता. डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. कामांचे हिशेब आणि हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचायचे, एवढंच. कोणाचं नाव खोटं, कोणती भिंत कागदावरच उभी, हे ऐकणाऱ्या माणसांना तिथल्या तिथे कळायचं, कारण ती सगळ्यांना ओळखत होती. जी माहिती अंगणवाडी सेविकेकडे आहे, तीच ही माहिती. फक्त तिला अधिकाराचं बळ मिळालं होतं. त्याच मागणीतून, आणि इकडे अण्णा हजारे यांच्या आंदोलनातून, महाराष्ट्राचा २००२ चा आणि देशाचा २००५ चा माहिती अधिकार कायदा आला. मनरेगाचं संकेतस्थळ सर्वांना खुलं राहिलं तेही याच परंपरेमुळे, आणि कबूल करायला हवं, की फोटोंमधली लबाडी उघड व्हायलाही त्या खुलेपणाचीच मदत झाली.

आता खासगीपणाचा कायदा या परंपरेचं काय करतो ते पाहा. २०२३ च्या त्याच विदा कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकारातलं ८(१)(ञ) हे कलम बदललं. आधी व्यक्तिगत माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती देण्याने कुणाच्या खासगी आयुष्यात विनाकारण शिरकाव होईल, हे पाहावं लागायचं. मोठं सार्वजनिक हित असेल तर ती द्यावी लागायची. शिवाय जी माहिती संसदेला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं तिथेच लिहिलं होतं. आता त्या कलमात उरलं आहे ते एवढंच, की व्यक्तिगत माहिती असेल तर देण्याचं बंधन नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियमांबरोबर ही दुरुस्ती लागूही झाली. सरकार म्हणतं, कलम ८(२) मधलं सार्वजनिक हिताचं तत्त्व शाबूत आहे. ते आहे. पण माहिती अधिकाराचा अर्ज केलेल्या कुणालाही विचारा : तालुक्याच्या कचेरीतला माहिती अधिकारी नकार लिहिताना कुठलं कलम हाताशी धरील?

पुट्टस्वामी निकालाचा आनंद मानणाऱ्या आपल्यासारख्यांना हे अवघड वाटायला हवं. आपण मागितलेलं खासगीपण ठेकेदाराच्या नावाला मिळण्याची सोय झाली, आणि गरोदर बाईचा चेहरा संमतीविना दर महिन्याला काढला जातो. दोन्हींची तरतूद एकाच कायद्यात.

म्हणून झुबॉफ यांचं जुनं पुस्तक. त्यातला प्रश्न तंत्रज्ञान असावं की नसावं हा नाही. पोषण ट्रॅकरमध्येही वाढीचा आलेख आहे; मुलाचं वजन कुठे घसरलं ते त्यातून दिसतं. तो आलेख सेविकेला तिच्या भाषेत, तिच्या गावाचा म्हणून बघता आला, त्यावरून तिला स्वतःहून एखाद्या घरी दुप्पट आहार देण्याचा निर्णय घेता आला, तर गिरणीतल्या त्या खर्चाच्या आकड्यांसारखं काहीतरी घडेल. आज माहिती वर जाते आणि खाली येते ती कारणे दाखवा नोटीस. अॅपमध्ये एक साधा रकाना हवा : ‘मी या बाईला ओळखते’, खाली सेविकेची सही, आणि तेवढ्यावर पाकीट हातात. खोटी सही केली तर तिला जाब विचारा, गावासमोर विचारा. पण आधी पाकीट.

या रकान्याला तंत्रज्ञांची हरकत असण्याचं कारण दिसत नाही. दोन ओळींचं काम आहे. हरकत येईल ती दुसरीकडून, आणि ती कोणाची, यावर तुमच्यापैकी जे पंचायतीत किंवा बालविकास विभागात काम करतात त्यांनी बोलावं असं आम्हाला वाटतं. प्रश्न येऊ लागलेच आहेत, तेव्हा आता तिकडे वळूया.